वेताच्या खुर्चीपासून अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. मी सात-आठ वर्षांची असताना दुपारी त्यांचा डबा घेऊन कचेरीत जात असे. कचेरीच्या मागच्या ओसरीवर वर्षातून एकदोनदा एक आंधळे गृहस्थ येऊन बसत. कचेरीतल्या फाटक्या, झोळ पडलेल्या खुर्च्या त्यांच्यापुढे आणून ठेवीत. शेजारी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत असत. लाकडातली भोके नुसत्या बोटांनी चाचपीत ते अशी सुबक जाळी विणीत, की आम्ही मुली बघतच राहू. खुर्ची तयार झाली की शिपाई ती उचलून आत नेई आणि तिच्यावर साहेब बसत. विणणारे गृहस्थ मात्र ओसरी ओलांडून कधी आत गेले नाहीत. यात काही वावगे आहे असे त्या वयात मला वाटले नाही, आणि मोठ्या माणसांनाही वाटत नसावे.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा ती ओसरी आठवली. ओसरीपासून आतल्या खुर्चीपर्यंतचे अंतर चार पावलांचे. पण ते चालून जायला आपल्या देशाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. ही वाट कशी पडली, हे आपल्या मंडळातील भगिनींना आणि शेजाऱ्यांना सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. आमच्या लहानपणी ‘अपंग’ म्हणत, आता सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ लिहितात. शब्द बदलला, माणसाला बसायला जागा मिळाली की नाही, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात शाळांपासून झाली. मुक्या-बहिऱ्या मुलांसाठी देशातील पहिली शाळा १८८५ साली मुंबईत निघाली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांमध्ये काही आंधळी मुलेही होती. त्यांच्यासाठी अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत शाळा काढली. तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा म्हणून नावारूपास आली. ह्या शाळेचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण लेखाच्या शेवटी पुन्हा तिच्याकडे यायचे आहे. ह्या शाळांतून अक्षरओळखीबरोबर हातकाम शिकवीत. वेत विणणे, टोपल्या करणे, विणकाम, थोडे गाणे-बजावणे. आंधळ्या माणसाने करण्याजोगे काम म्हणजे एवढेच, अशी समजूत होती, आणि पुढे कितीतरी वर्षे सरकारची समजूतही त्याच रेघेवर चालली.

अपंगांच्या पोटापाण्याची बाब सरकारच्या दारात आणून ठेवली ती मात्र लढायांनी. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून परतलेल्या शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत एक तांत्रिक शाळा निघाली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या नावाने ती पुढे खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनला वसतिगृह सुरू झाले. ज्याने देशासाठी पाय दिला त्याला भीक मागू देणे कोणत्याच सरकारला शोभत नाही. म्हणून सैनिकाला आधी हक्क मिळाला आणि त्याच्या पाठोपाठ पोलिओ झालेल्या पोराला, जन्मांध पोरीला तो मागता आला.

ह्याच सुमारास, म्हणजे १९४४ साली, इंग्लंडात कायदा झाला. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने शेकडा तीन जागा अपंगांस द्याव्यात, असे त्यात होते. एवढेच नव्हे, तर १९४६ साली विजेच्या पाळण्यावरील, म्हणजे लिफ्टवरील, माणसाची आणि मोटारतळावरील राखणदाराची नोकरी खास अपंगांसाठी राखून ठेवण्यात आली. हेतू चांगला, पण बटण दाबून आपले आपण वरखाली जाणारे पाळणे आले आणि ती नोकरीच उडाली. आपल्याकडे टेलिफोनच्या जोडणीफलकावर बसणाऱ्या दृष्टिहीन ऑपरेटरांच्या बाबतीत पुढे तेच घडले. एकच काम एका जातीच्या अपंगत्वाला चिकटवून टाकले, की ते काम बुडताना माणसालाही घेऊन बुडते. हा धडा आपण फार उशिरा शिकलो.

स्वातंत्र्यानंतर कामाला थोडी गती आली. देशातील निरनिराळ्या भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ लिपी १९५१ मध्ये ठरली. दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयातील दृष्टिहीन अधिकारी लाल आडवाणी यांचे नाव ह्या कामाशी जोडलेले आहे. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, जिला आपण ‘नॅब’ म्हणून ओळखतो, ती संस्था स्थापन झाली. फातेमा इस्माइल यांनी त्याआधीच मुंबईत पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले होते. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ अपंगांच्या उपचारांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आणि १९५९ साली अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय उघडले, तेही मुंबईतच. नोकरी शोधणाऱ्या अपंगाचे नाव सरकारी वहीत वेगळे लिहून घेतले जाऊ लागले, हीच तेव्हा मोठी गोष्ट वाटली.

पण वहीत नाव असणे आणि हातात नेमणुकीचा कागद असणे यांत फार अंतर असते. बोलावणे येई, उमेदवार जिना चढून जाई, आणि ‘तुम्हाला कसे जमणार?’ असे कळवळून विचारून त्याला परत पाठवीत. कळवळ्याने दिलेला नकारही नकारच असतो.

हे बंद व्हायला हुकूम लागला. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी केंद्र सरकारने आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या नोकऱ्यांत शेकडा तीन जागा राखून ठेवल्या: एक अंधांस, एक बहिऱ्यांस, एक हातापायाने अधू असलेल्यांस. म्हणजे शिपाई आणि कारकून यांच्यापुढे जायचे नाही, असा त्याचा अर्थ. तरीही ओसरीचे दार उघडले होते. उघडले खरे, पण आत कोणी घेईना. राखीव जागा कागदावरच राहू लागल्या. १६ मार्च १९८० रोजी दृष्टिहीन मंडळी दिल्लीत मोर्चा घेऊन गेली तेव्हा त्यांच्यावर लाठीमार झाला. ज्यांना लाठी कुठून येते हे दिसत नव्हते त्यांच्यावर ती चालली, ह्याची देशभर लाज वाटली. पुढचे वर्ष, १९८१, हे जगभर अपंगांचे वर्ष म्हणून पाळले गेले.

मोर्च्यातून लढाई न्यायालयात गेली. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ह्या संघटनेने विचारले, की अंध उमेदवाराने सनदी सेवेच्या परीक्षेस का बसू नये? सरकारच्याच समितीने वरच्या दोन वर्गांतील ४१६ प्रकारच्या जागा अपंगांना जमण्याजोग्या म्हणून काढून ठेवल्या होत्या. मग परीक्षेच्या दारातच त्यांना का अडवावे? सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली निर्णय दिला, की ब्रेलमध्ये लिहून किंवा लेखनिकाच्या मदतीने ते ही परीक्षा देऊ शकतील.

त्यानंतर आला १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. आता शेकडा तीन जागा ही सरकारची मर्जी राहिली नाही, कायदा झाला. योगायोग असा, की त्याच १९९५ साली इंग्लंडने आपला शेकडा तीनचा नियम नव्या कायद्याने मोडीत काढला आणि भेदभावबंदीची वाट धरली. ह्या आपल्या कायद्यातील एक कलम प्रत्येक घराने पाठ करावे असे आहे. सरकारी नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले, अपघातात पाय गेला, डोळे अधू झाले, तर त्याला नोकरीवरून काढता येत नाही. तेच वेतन राखून त्याला जमेल अशा दुसऱ्या जागी द्यावे, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. २०१६ च्या नव्या कायद्यातही हे संरक्षण कायम आहे. अपंगत्व ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट नव्हे, हे ह्या कलमाइतके स्वच्छ कोणी सांगितले नसेल.

तरी हिशेबाची पळवाट राहिलीच होती. खाती म्हणत, की अपंगांना जमतील अशा म्हणून ठरविलेल्या जागा तेवढ्या मोजा आणि त्यांचे शेकडा तीन द्या. संघटनेचे दृष्टिहीन वकील संतोषकुमार रुंगटा यांनी ही लढाई वर्षानुवर्षे लढविली. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शेकडा तीनचा हिशेब त्या संवर्गातील सगळ्या रिकाम्या जागांवर करायचा. २०१६ च्या कायद्याने राखीव प्रमाण शेकडा चार केले, अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, आणि मतिमंद, स्वमग्न, मानसिक आजार असलेल्या माणसांना पहिल्यांदाच ह्या राखीव जागांत आणले. २०२१ च्या केंद्रीय यादीत पहिल्या वर्गाच्या १०४६ आणि दुसऱ्या वर्गाच्या ५१५ प्रकारच्या जागा अपंगांना योग्य म्हणून आहेत. कुठे वेताची जाळी आणि कुठे ही यादी!

परंतु भगिनींनो, आकड्यांवर भुलून चालायचे नाही. नवी सून घरात आली म्हणून घर तिचे होत नाही. डबे कुठे, मीठ कुठे, हे तिला कोणी प्रेमाने दाखवावे लागते, आणि उंच फळीवरचे भांडे खाली आणावे लागते. नोकरीचेही तसेच. हुकमाने जागा मिळते, आधाराने ती टिकते. कुबड्यांवर चालणाऱ्या बाईची नेमणूक दुसऱ्या मजल्यावर केली आणि पाळणा नाही, तर नेमणूक झाली काय आणि न झाली काय! कायद्यालाही हे उमगले. ३१ मार्च २०१४ च्या केंद्राच्या सूचनांत अपंग कर्मचाऱ्याला लागणारी साधने, त्याला सोयीची मेज-खुर्ची, कामाचे शिक्षण, घराजवळ नेमणूक ह्या गोष्टी आल्या. त्याच वर्षी, अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्यात आली. केंद्राच्या नोकरीतील अपंग मातेस मूल सांभाळण्यासाठी २००८ पासून दरमहा एक हजार रुपयांचा खास भत्ता सुरू झाला आणि २०१७ मध्ये तो तीन हजार करण्यात आला. दया म्हणून ह्या सवलती दिलेल्या नाहीत. उंच फळीवरचे भांडे खाली आणले, इतकेच.

अशी नोकरी मिळालेली बाई काय करू शकते, हे कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक यांनी दाखविले आहे. ऐन सतराव्या वर्षाच्या सुमारास कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली, आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाईला लोक आधार द्यायला निघाले होते. ती स्वतःच इतरांचा आधार झाली.

आता दादरच्या शाळेकडे येते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. त्या ह्याच शाळेत, श्रीमती कमला मेहता अंध शाळेत, शिकल्या. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. संगणकाकडून पुस्तके वाचून घेऊन त्यांनी अभ्यास केला. २०१५ च्या सनदी परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या, पण रेल्वेच्या हिशेब सेवेने पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून त्यांना घेतले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे हाती घेतली. दुष्काळात पोरक्या झालेल्या आंधळ्या मुलांसाठी निघालेल्या शाळेतली मुलगी ओसरी ओलांडून आत गेली आणि थेट अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसली. मात्र कायदा होऊन वीस वर्षे उलटल्यावरही तिला एकदा दारातून परत फिरावे लागले, हेही विसरू नये.

२०११ च्या शिरगणतीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतील २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. काम करणाऱ्या अपंग पुरुषांचे प्रमाण शेकडा ४७ होते, स्त्रियांचे अवघे २३. म्हणजे प्रांजल एक दिसते. तिच्यामागे घरात बसलेल्या किती, ते आपल्या गल्लीतच मोजता येईल. अशा मुलीला घरचेच म्हणतात, ‘तिला कशाला दगदग, आम्ही आहोत ना सांभाळायला.’ हा कळवळा मघाच्या साहेबाच्या कळवळ्याचाच सख्खा भाऊ आहे.

आपल्या मंडळाला मोठी संस्था काढता येणार नाही, आणि त्याची जरुरीही नाही. पण वर्तमानपत्रातील नोकरभरतीची जाहिरात अशा मुलीच्या घरी वाचून दाखविता येईल. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी इस्पितळात तिच्याबरोबर एक दिवस बसता येईल. आपल्यापैकी ज्यांचा आवाज स्वच्छ आहे त्यांना अभ्यासाची पुस्तके ध्वनिमुद्रित करून देता येतील. परीक्षेच्या नियमात बसत असेल तेथे लेखनिक म्हणून जाता येईल. आणि ती नोकरीला लागली, की ‘हिला कसे जमते हो?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कचेरीत काय झाले?’ असे विचारता येईल.

त्या ओसरीवरच्या गृहस्थांचे नावदेखील आम्ही कधी विचारले नाही. ती चूक आता दुरुस्त होणार नाही. पुढची तरी होऊ नये.