हाली, कलदार आणि पट्टा

पैनगंगेच्या एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला आदिलाबाद. निजामाच्या काळात ही नदी ओलांडली की कनवटीच्या रुपयाची किंमत बदलायची. वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार चाले, आदिलाबादकडे निजामाचा हाली. 6 कलदारांना साधारण 7 हाली पडत. कापूस, बैल किंवा सोयरीक यांसाठी पलीकडे जाणाऱ्याला हा वटाव तोंडपाठ असावा लागे. 1918 नंतर हैदराबादच्या नोटा आल्या. त्यांवर उर्दू, तेलुगू, कन्नडबरोबर मराठीतही रक्कम छापलेली असे.

डोंगरातल्या गोंड घरात मात्र नाणं फार काळ टिकत नसे. गोठ्यातली जनावरं, कणगीतली ज्वारी आणि बायकांच्या अंगावरची चांदी हीच तिथली पुंजी. वंशाची गाथा गाणाऱ्या प्रधानाला धान्य, कापड, कधी जनावर देणं हे यजमानाचं कर्तव्य होतं. बाहेरच्यांना ही उधळपट्टी वाटे. खरं तर ती विचारपूर्वक केलेली साठवण होती. गाय वाढते, चांदी अडीनडीला गहाण पडते आणि जपलेलं नातं वाईट वर्षी उभं राहतं.

घात झाला तो पेरणीच्या तोंडावर. कणगी रिकामी, सारा मात्र रोखीत भरायचा आणि बियाणं सावकाराकडे. सवाईनं घेतलं तर मणामागे सव्वा मण, दिढीनं घेतलं तर दीड मण सुगीत परत द्यायचा. त्याच खळ्यावर भाव पडलेला असे. वही सावकाराची, माप सावकाराचं. कर्जदाराचा फक्त अंगठा.

त्यातच सरकारनं जंगलं राखीव केली आणि पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन कागदावर परकी ठरली. याविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ यांना या भागात पाठवलं. मारलवाई गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली. लिहिता-वाचता येणं म्हणजे पावती आणि रोखा स्वतः तपासता येणं. सावकारीच्या मुलखात याहून मोलाचं शिक्षण दुसरं नव्हतं. जमिनीच्या मालकीचे पट्टेही वाटले गेले. 1940 च्या दशकाअखेर अकरा हजारांवर आदिवासींना सुमारे 1 लाख 60 हजार एकर जमीन मिळाली.

हाली रुपया 1959 मध्ये कायमचा गेला, पण कर्ज राहिलं. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातल्या जमीन-हस्तांतराचा कायदा झाला. तो तेलंगणात लागू व्हायला 1963 उजाडलं. 1970 च्या दुरुस्तीनं बिगर-आदिवासींच्या नावे जमीन करण्याची वाट बंद केली. तोवर बरीच शेतं हातची गेली होती. 20 एप्रिल 1981 रोजी, सोमवारच्या बाजारच्या दिवशी, पट्टे आणि शेतमालाला रास्त भाव मागायला आदिलाबादमधल्या इंद्रवेल्लीत आदिवासी जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसार 13 जण मेले.

2018 मध्ये तेलंगणानं ‘रयतु बंधू’ योजना आणली. दर हंगामाला एकरी 4,000 रुपये मिळू लागले, तेही पेरणीच्याच वेळी, म्हणजे पूर्वी सावकाराचं दार ठोठावावं लागे नेमकं तेव्हा. पैसे मात्र पट्टेदारालाच मिळत. दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा या योजनेबाहेर राहिला; बियाण्यासाठी त्याला उसनवारीच करावी लागली.