कारखान्यातून बांधावर

१९७२चा दुष्काळ. पुरंदर तालुक्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. पुण्यात कारखाना चालवणारे अभियंते विलासराव साळुंखे तिथे गेले आणि तिथलेच झाले. खडी फोडून यंदा पोट भरेल. पुढच्या दुष्काळाचं काय?

तालुक्यातल्याच नायगावात त्यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. उतारावर बांध घातले, ओघळी अडवल्या, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खोदली. मुरलेलं पाणी उपसून पुन्हा वर चढवलं. माळ पिकू लागला.

खरी गाठ पाण्याच्या वाटणीची होती. त्यासाठी साळुंख्यांनी उभ्या केलेल्या ‘पाणी पंचायती’नं हिशेब जमिनीवर नाही, माणसांवर मांडला: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही.

आणि ऊस? लावायचाच नाही.

पाणी अडवण्या-जिरवण्याच्या अशाच कामांसाठी १९९२ साली राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग झाला. साळुंखे २००२मध्ये गेले. आज स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली मुलं या विभागातल्या ‘जलसंधारण अधिकारी’ पदाच्या परीक्षेला बसतात.