घरबसल्या नोकरी: खरी कुठे मिळते, फसवी कशी ओळखायची आणि मिळालेली टिकवायची कशी?

‘घरबसल्या रोज दोन-तीन हजार कमवा. शिक्षणाची अट नाही. फक्त मोबाइल हवा.’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर कधीच आला नाही, असा माणूस आता शोधून सापडणार नाही. हे मेसेज चालतात, कारण त्यामागची गरज खरी आहे. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेली बाई, आईवडिलांच्या आजारपणामुळे पुण्याहून गावी परतलेला मुलगा, पदवी हातात असूनही शहरात खोलीभाडे न परवडणारी मुलगी, या सगळ्यांना घरून काम हवे आहे. असे काम मिळतेही. पण ते ज्या मार्गाने मिळते तो मार्ग आणि हे मेसेज यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो.

घरून काम म्हणजे नेमके काय?

ही कल्पना कोरोनाकाळातली नाही. जॅक निल्स या अमेरिकी अभियंत्याने १९७३ मध्येच ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द वापरात आणला. कर्मचाऱ्याने कामापर्यंत जाण्याऐवजी काम कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवायचे, असा त्याचा अर्थ. भारतात मात्र मार्च २०२० च्या लॉकडाउननंतरच ते मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांसाठीचे दूरसंचार नियम सैल केले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांनाही ५० टक्क्यांपर्यंत कर्मचाऱ्यांना घरून काम देण्याची मुभा मिळाली.

त्यानंतर वारे उलटे फिरले. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना ऑफिसात परत बोलावले. त्यामुळे आज जाहिरातीत ‘रिमोट’ लिहिलेले असले तरी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात:

- पूर्ण रिमोट: ऑफिसला जावेच लागत नाही, किंवा वर्षातून एक-दोनदाच जावे लागते.
- हायब्रिड: आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस. म्हणजे राहायला त्याच शहरात हवे.
- तात्पुरते रिमोट: प्रशिक्षणापुरते किंवा प्रोजेक्टपुरते घरून, नंतर ऑफिस.

नात्याचेही तसेच. पगारी नोकरीत पीएफ, रजा, नोटीस पीरियड हे हक्क येतात. कंत्राटी कामात किंवा फ्रीलान्सिंगमध्ये फक्त केलेल्या कामाचे पैसे मिळतात. लातूरमध्ये राहून महिना ३० हजारांचा पगार आणि ३० हजारांचे फ्रीलान्स बिल या दोन्ही रकमा कागदावर सारख्या दिसतात. पण दुसऱ्यात आजारपणाचा दिवस बिनपगारी असतो आणि पुढच्या महिन्याची खात्री नसते.

कोणती कामे खरोखर घरून होतात?

काम झाले की नाही हे लांबून तपासता येते, अशीच कामे घरून मिळतात. सॉफ्टवेअर आणि टेस्टिंग, अकाउंट्स (टॅली, जीएसटी रिटर्न), ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, डिजिटल मार्केटिंग, ऑनलाइन शिकवणी, फोनवरची किंवा चॅटवरची ग्राहकसेवा, भरती विभागातले काम, मेडिकल कोडिंग ही त्यातली नेहमीची.

मराठी नीट येणाऱ्यांसाठी वेगळी कामे आहेत: इंग्रजी-हिंदीतून मराठी अनुवाद, सबटायटल, ऐकून लिहून काढणे, ॲप आणि वेबसाइटचे मराठीकरण, मराठी ग्राहकांशी बोलणे आणि अलीकडे एआयला मराठी शिकवण्यासाठी वाक्ये तपासणे. इथे शुद्धलेखन आणि युनिकोडमध्ये वेगाने टाइप करता येणे या दोन गोष्टी मोजल्या जातात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर उघडत नाही. त्यामुळे टायपिंगचे प्रमाणपत्र असले तरी युनिकोडचा सराव वेगळा करावा लागतो.

आणि ‘डेटा एंट्री’? पान बघून पान टाइप करण्याचे काम आता बरेचसे स्कॅनर आणि सॉफ्टवेअर करते. जे उरते ते कंपन्या गोपनीयतेमुळे अनोळखी माणसाला सहसा देत नाहीत. म्हणून ‘घरबसल्या टायपिंग, पानामागे ५० रुपये’ असे कुठे दिसले की आधी शंका घ्यावी.

शोध कुठे घ्यायचा?

१. जुनी ओळख. आधी जिथे काम केले तिथले सहकारी, वरिष्ठ, शिक्षक. घरून काम देताना कंपनीला सर्वात मोठी भीती विश्वासाची असते. ओळखीच्या माणसाने नाव सुचवले की ती अर्धी कमी होते. सुटलेल्या नोकरीच्या ठिकाणीच अर्धवेळ घरून काम मागून पाहण्यात गैर काही नाही.

२. कंपनीची स्वतःची वेबसाइट. त्यातल्या ‘करिअर्स’ पानावरची जाहिरात सर्वात भरवशाची.

३. लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉम. दोन्हींवर ‘रिमोट’ हा फिल्टर आहे. मात्र इथेही खोट्या जाहिराती शिरतात, म्हणून तीच जागा कंपनीच्या वेबसाइटवर आहे का, हे बघावे.

४. फ्रीलान्स प्लॅटफॉर्म. अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर डॉट कॉम. इथे जगभरातून स्पर्धा असते आणि प्लॅटफॉर्म आपला वाटा घेतो. फायवर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के कापते. पहिले काम मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे घरखर्च पूर्ण यावर टाकून सुरुवात करणे धोक्याचे.

अर्ज करताना बायोडेटापेक्षा नमुना जास्त बोलतो. अनुवादकाने केलेली दोन पाने, डिझायनरची पाच पोस्टर, अकाउंटंटने काल्पनिक दुकानासाठी तयार केलेला ताळेबंद, असे काहीतरी एका लिंकवर ठेवावे. नोकरीत खंड पडला असेल तर तो लपवू नये. ‘२०२१ ते २०२४ मुलाच्या संगोपनासाठी विश्रांती, या काळात अमुक कोर्स’ ही एक ओळ पुरते.

फसवणूक नेमकी कशी होते?

तीन प्रकार सर्रास आढळतात.

टास्क फ्रॉड. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, असे सोपे काम मिळते. पहिल्या दिवशी खात्यात खरोखर १५०-२०० रुपये येतात. विश्वास बसला की टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतले जाते. तिथे इतर ‘सदस्य’ हजारोंच्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, पण ते त्याच टोळीचे असतात. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो: हजार भरा, तेराशे मिळतील. एकदा मिळतातही. पुढे रक्कम वाढत जाते, स्क्रीनवर नफा दिसत राहतो आणि तो काढायला गेले की ‘टॅक्स भरा’, ‘खाते गोठले, सोडवायला इतके भरा’ सुरू होते. आधीचे पैसे सुटतील या आशेने माणूस आणखी भरत जातो. नुकसान मोठे होते ते याच टप्प्यावर.

डेटा एंट्रीचा करार. काम दिले जाते, ऑनलाइन सही घेतली जाते, मग ‘९५ टक्के अचूकता नाही’ म्हणून पैसे नाकारतात आणि उलट दंडाची ‘लीगल नोटीस’ पाठवतात. वकील किंवा पोलीस असल्याचे सांगून फोन येतात. घाबरून पैसे भरू नयेत. करारभंग हा दिवाणी वाद असतो. त्यासाठी पोलीस फोनवर अटकेची धमकी देत नाहीत.

खाते भाड्याने. ‘तुमच्या बँक खात्यात पैसे येतील, पुढे पाठवा, कमिशन ठेवा’ असे काम. हे पैसे बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात. खाते गोठते आणि चौकशी खातेदाराच्या दारात येते. सिम कार्ड, एटीएम कार्ड किंवा यूपीआय ‘कामासाठी’ देणेही यातच आले.

या सगळ्यांवर एकच कसोटी चालते: नोकरीत पैसे कंपनीकडून उमेदवाराकडे जातात. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉप डिपॉझिट, आयडी कार्ड, कोणत्याही नावाने ते उलट दिशेने मागितले की तिथेच थांबावे.

हो म्हणण्याआधी काय तपासावे?

- ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आला आहे की साध्या जीमेलवरून? डोमेनचे स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळते का?
- कंपनी कार्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचे नाव सापडते का? नाव सापडले म्हणजे जाहिरात खरी असे मात्र नाही, कारण भामटे खऱ्या कंपनीचे नाव वापरतात. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.
- व्हिडिओवर मुलाखत झाली का? फक्त चॅटवर ‘सिलेक्ट’ झाल्याचे कळले तर ते निवडपत्र नव्हे.
- निवडपत्रात पद, पगार, कामाचे तास, नोटीस पीरियड लिहिलेले आहेत का? ‘रिमोट’ कायमचे की काही महिन्यांचे, हेही लेखी घ्यावे.
- आधार, पॅन आणि बँकेचा तपशील निवडपत्राच्या आधी मागितला जातो का? ओटीपी तर कधीच देऊ नये.

फसवणूक झालीच तर लाजेपोटी वेळ घालवू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम मधल्या खात्यात गोठवता येते. बँकेलाही कळवावे आणि चॅट, व्यवहार क्रमांक, फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

घराची तयारी

वेगळी खोली प्रत्येकाकडे नसते. पण ठरलेली जागा, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि हेडफोन एवढे तरी लागते. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. वीज गेली की मीटिंग तुटते ती त्यामुळे. राउटरसाठीचा छोटा यूपीएस हा यावरचा स्वस्त उपाय. ब्रॉडबँड बंद पडले तर मोबाइल हॉटस्पॉट हवा, शक्यतो वेगळ्या कंपनीचा.

परदेशी कंपनी असेल तर घड्याळ आधी बघावे. लंडनची सकाळी नऊ ते पाच ही वेळ भारतात उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेनऊ होते. न्यूयॉर्कची तीच वेळ संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. हिवाळ्यात दोन्हींत आणखी एक तास पुढे. सकाळी सहाला मुलांचा डबा करणाऱ्या आईने न्यूयॉर्कची शिफ्ट घेतली तर झोप कुठे बसवायची, याचा हिशोब घरात सगळ्यांनी मिळून करायला हवा.

घरच्यांशी बोलणे हीसुद्धा तयारीच. ‘घरीच तर आहेस’ म्हणून गॅस सिलिंडर घेण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळे एकाच माणसावर येते, आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे बाई. कामाचे तास लिहून भिंतीवर लावले तर निम्मे वाद टळतात.

मिळालेले काम टिकवायचे कसे?

यावर चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीचा प्रयोग बोलका आहे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांचा नऊ महिने अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचे प्रमाण घटले. पण तेवढ्याच कामगिरीवर त्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली. प्रयोग संपल्यावर अनेकांनी एकटेपणामुळे ऑफिसात परत जाणे पसंत केले. त्याच कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा दुसरा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होते. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि बढतीवर परिणाम दिसला नाही.

थोडक्यात, घरून काम चांगले होते, पण न दिसणारा माणूस विसरला जातो. त्यावर उपाय साधे आहेत. दिवसाअखेरी तीन ओळींचा मेसेज: काय झाले, काय उरले, काय अडले. मुदत चुकणार असेल तर आदल्या दिवशी सांगणे. मीटिंगमध्ये ठरलेले लेखी पाठवणे. वरिष्ठांशी महिन्यातून एकदा कामाबद्दल मोकळे बोलणे. आणि काम संपले की लॅपटॉप बंद, कारण घरात ऑफिस सुटल्याची घंटा वाजत नाही.

एकाच वेळी दोन पूर्णवेळ नोकऱ्या करण्याचा मोह टाळावा. २०२२ मध्ये विप्रोने याच कारणावरून ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले होते. पीएफचा यूएएन एकच असल्याने अशी गोष्ट उघड होऊ शकते.

पैसे, कर आणि हक्क

पगारी नोकरीत पीएफ खरोखर जमा होतो का, हे ईपीएफओच्या पासबुकात दर काही महिन्यांनी बघावे. फ्रीलान्सरला व्यावसायिक सेवांसाठी देताना कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. एकूण कर त्यापेक्षा कमी बसत असेल तर जादा कापलेले पैसे रिटर्न भरल्यावरच परत मिळतात. सेवांमधून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशातून आलेल्या पैशांसाठी बँकेकडून पावतीपत्र मागून ठेवावे. आरोग्य विमा आणि निवृत्तीची बचत ही फ्रीलान्सरची स्वतःची जबाबदारी, त्यामुळे दर ठरवताना हा खर्च धरावाच लागतो.

मातृत्व रजेबाबत एक तरतूद कमी जणींना माहीत असते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने रजा २६ आठवडे केली, तसेच कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम देण्याची सोय ठेवली. तो आपोआप मिळणारा हक्क नाही. पण रजेवर जाण्याआधीच या तरतुदीचा उल्लेख करून लेखी विनंती करता येते. नोकरी सोडून नवे घरकाम शोधण्यापेक्षा हातातली नोकरीच घरी आणणे पुष्कळदा सोपे असते.