बाटलीत मुरवलेली चव : विजापूरच्या तंबाखूपासून ई-लिक्विडपर्यंत

थ्रेड. ‘मुरणे’ या क्रियापदावर आपल्या भाषेची विशेष माया आहे. लोणचे मुरते, गुलकंद मुरतो, माणूसही एखाद्या विद्येत मुरतो. (मुरंबा मात्र या कुळातला नव्हे, तो अरबी-फारसी ‘मुरब्बा’चा वंशज.) गेल्या दीड दशकात अमेरिका आणि युरोपातील असंख्य घरांत आणखी एक पदार्थ मुरवला जाऊ लागला. तो म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरावयाचा द्रव, ई-लिक्विड.

या प्रकाराला तिकडे ‘स्टीपिंग’ म्हणतात. शब्द चहाच्या किटलीतून उचललेला आहे. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन पातळ-घट्ट द्रव, थोडे निकोटीन आणि खाद्यपदार्थांत वापरतात तसले अर्क घरीच एकत्र करायचे, बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवायची, अधूनमधून हलवायची आणि वाट पाहायची. फळांच्या चवी लवकर तयार होतात; कस्टर्ड, व्हॅनिला आणि तंबाखूच्या चवींना दोन-तीन आठवडे हवेत, असा संकेत. उतावळे लोक बाटल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवीत. द्रव पिवळसर-तपकिरी झाला की तो ‘मुरला’.

हा छंद नवा असला तरी त्यामागची समजूत फार जुनी आहे. तंबाखू आणि काळ यांची गाठ आपल्या उपखंडात पूर्वीच पडली होती. तिच्या आरंभीच्या प्रकरणांतील एक तर दख्खनमध्येच घडले.

अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कन्येला शाहजादा दानियालसाठी घेऊन जाणे, ही त्याची कामगिरी. हे १६०४च्या सुमाराचे. विजापुरात त्याने तंबाखू पाहिला. तिकडे उत्तरेत त्याने तसे काही पाहिलेलेच नव्हते. त्याने एक देखणी चिलीम सजवून घेतली. तिची नळी तीन हात लांब, दूरच्या अचीन बंदरातली. टोकांना रत्ने आणि मीनाकारी. ओठांशी येमेनी अकीक. हा सारा सरंजाम त्याने चांदीच्या तबकात मांडून बादशहापुढे ठेवला.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि दरबारात वाद पेटला. खान-ए-आझमने सांगितले की ही वस्तू मक्का-मदिनेत प्रसिद्ध आहे आणि औषध म्हणून आणली आहे. राजवैद्याने मात्र विरोध केला. त्याचा मुद्दा असा की आमच्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेखच नाही, तेव्हा तिचे गुणदोष आम्ही कशाच्या आधारे सांगावेत? असद बेगचे उत्तर होते की प्रत्येक रूढी कधीतरी नवीनच असते. बादशहाला हे उत्तर आवडले, पण त्याने स्वतः धूम्रपान काही स्वीकारले नाही. उमरावांनी स्वीकारले, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि प्रश्न मागे पडला.

(१६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचा परिणाम किती झाला हे पुढच्या दोन शतकांतील चित्रांत जागोजागी दिसणारे हुक्केच सांगतात. ४०२ वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१९ रोजी, भारत सरकारने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठा यांवर वटहुकमाने बंदी आणली. त्याच वर्षी तिचा कायदा झाला.)

हुक्क्यासाठी नुसते पान चालत नसे. त्यात गूळ किंवा काकवी मिसळत. आपल्याकडचा ‘गुडाखू’ हा शब्द त्या मिश्रणाचाच. उत्तर हिंदुस्थानात याहून नाजूक प्रकार तयार झाला, खमिरा तंबाखू. ‘खमीर’ म्हणजे आंबवण. कुटलेला तंबाखू, काकवी, बोर-फणस-अननसासारखी फळे आणि सुगंधी मसाले मडक्यात भरून मडके जमिनीत पुरत आणि महिनोन्‌महिने तसेच राहू देत. अमेरिकेत लुइझियानातील पेरिक तंबाखूची रीतही याच जातीची. पाने लाकडी पिंपांत दाबून वर्षभर किंवा अधिक काळ आंबवायची.

येथे काळ खरोखर काम करतो, कारण मडक्यात आणि पिंपात सूक्ष्मजीव असतात. ते साखर खातात, पानांतील द्रव्ये बदलतात, नवे गंध निर्माण करतात. कारागिराला सूक्ष्मजीवांची कल्पना नव्हती, पण तो ज्यावर विसंबत होता ती प्रक्रिया सजीव होती.

ई-लिक्विडची बाटली मात्र या अर्थाने निर्जीव आहे. तिच्यात आंबणे नाही. तिचा खरा पूर्वज शोधायचा तर कनौजच्या अत्तराच्या कुप्पीकडे पाहावे लागेल. तिथे चंदनतेलात उतरवलेला गंध चामड्याच्या कुप्पीत ठेवतात. चामड्यातून ओल निघून जाते आणि अत्तर पक्व होते. युरोपातील अत्तरकारही आपली मिश्रणे आठवडेच्या आठवडे मुरत ठेवीत आले आहेत. घरगुती ई-लिक्विड करणाऱ्यांनी तंबाखूवाल्यांची भाषा उचलली, पण त्यांचे काम गंध्याचे होते.

आता यंत्राविषयी थोडक्यात. १९६३ मध्ये हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाने तंबाखूविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६५ मध्ये मिळाले, पण कोणी बाजारात आणले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय बहुधा चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. २००३ मध्ये त्यांनी ती घडवली. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले, ही गोष्ट त्यांच्याबाबत वारंवार सांगितली जाते. त्यानंतर काही वर्षांतच ती पाश्चात्त्य बाजारात पोचली आणि तिच्या मागोमाग घरगुती मिश्रणांचा छंदही.

मग कपाटातल्या त्या बाटलीत नेमके घडते काय? एक तर घट्ट ग्लिसरीनमध्ये अर्क हळूहळू समान पसरतात आणि काही उडून जातात. कच्चा, उग्र वास त्यामुळे कमी होतो. दुसरे, निकोटीनचे ऑक्सिडेशन होते. ज्या तपकिरी रंगाला छंदिष्ट लोक पक्वतेची खूण समजत, तो बराचसा निकोटीन बिघडत असल्याचा रंग असतो. (व्हॅनिलाच्या अर्कानेही रंग गडद होतो, म्हणून रंगावरून निवाडा करणे मुळातच धोक्याचे.)

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१८ मध्ये येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवले की व्हॅनिलिन, दालचिनी, चेरी यांच्या चवीची अल्डिहाइड द्रव्ये प्रोपिलीन ग्लायकॉलशी साध्या तापमानालाच संयोग पावतात. त्यातून ‘असिटल’ नावाची नवी संयुगे बनतात, ती वाफेतही उतरतात आणि श्वसनमार्गातील दाह जाणवणाऱ्या ग्राहींना मूळ द्रव्यांपेक्षा अधिक चेतवतात. बाटलीवरच्या यादीत ती नसतात, कारण बाटली भरली तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती.

आणि कस्टर्ड? त्याचा लोणकढा, लोण्यासारखा स्वाद डायअ‍ॅसिटिल या द्रव्यातून येतो. खाण्यात ते मान्य आहे. परंतु २००० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आठ माजी कामगारांना फुप्फुसातील सूक्ष्म वायुनलिका कायमच्या अरुंद करणारा दुर्मीळ विकार झाल्याचे उघडकीस आले. ते लोण्याच्या स्वादाची वाफ श्वासावाटे घेत होते. ग्रंथांत त्या द्रव्याची नोंद होती, पण खाद्य म्हणून. हुंगण्याविषयी तिथे काहीच लिहिलेले नव्हते. अकबराच्या वैद्याला ही अडचण लगेच ओळखू आली असती.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत गोड चवीच्या १५९ नमुन्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश नमुन्यांत डायअ‍ॅसिटिल किंवा त्याचे भावंड अ‍ॅसिटिल प्रोपिओनिल सापडले. (सिगारेटच्या धुरातही डायअ‍ॅसिटिल असते आणि ते अधिक असते, न्याय्य तुलना करताना हे विसरू नये. तसेच २०१९ मध्ये अमेरिकेत आलेली फुप्फुसविकाराची साथ हे निराळे प्रकरण. तिचा मुख्य संबंध गांजाच्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी जोडला गेला.)

छंदिष्टांपर्यंत हे पोचले होते. अर्क बनवणाऱ्यांनी डायअ‍ॅसिटिल काढून त्याच्या जागी अ‍ॅसिटोइन घातले आणि अशा अर्कांना निर्धोक मानून कस्टर्ड पुन्हा कपाटात मुरू लागले. २०१९ मध्ये एका तंबाखू कंपनीच्याच प्रयोगशाळेतून निष्कर्ष आला : साठवणीच्या काळात ई-लिक्विडमधील अ‍ॅसिटोइनचा काही भाग डायअ‍ॅसिटिलमध्ये बदलतो, आणि द्रवात निकोटीन असेल तर हा बदल अधिक वेगाने होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाटली उघडून, लोण्याचा स्वाद आता कसा भरून आला आहे असे जे लोक समाधानाने म्हणत, त्यांच्या जिभेने कदाचित हाच बदल टिपला असेल.