कोऱ्या रकान्यांचा वारसा

मजकुराच्या फायलीत ओळ संपल्यावरही जी रिकामी जागा मागे रेंगाळत राहते, तिचे मूळ लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणात जितके आहे, तितकेच ते जुन्या यंत्रांच्या घडणीतही आहे. १९२८ साली आयबीएमने प्रचारात आणलेल्या छिद्रपत्रावर ८० रकाने असत. मजकूर ३० अक्षरांत आटोपला तर उरलेले ५० रकाने कोरे राहत, आणि पत्राची नोंद चुंबकीय फितीवर चढविताना ते कोरेपणही अस्सल दस्तऐवजाचा भाग समजून बरहुकूम उतरवून घेतले जाई. दूरमुद्रकाने त्यात आपली भर घातली. त्याचा मुद्रणगाडा डावीकडे परतण्यास अवधी लागत असल्याने गाडा मागे नेण्याची एक व कागद सरकविण्याची दुसरी अशा दोन खुणा रूढ झाल्या, आणि विंडोजच्या फायलींत ती जोडी अद्याप नांदते आहे.

न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, १९६९ पासून केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी करताना ठराविक लांबीच्या नोंदींची ही वहिवाटच मोडीत काढली: फाईल म्हणजे अक्षरांचा अखंड क्रम, आणि ओळ संपते ती एकाच खुणेने. पुढील सर्व साफसफाई सुलभ झाली ती, माझ्या मते, या एका निर्णयामुळे. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती देण्याची सोय झाली, आणि त्याच सुमारास ली मॅकमहन यांनी 'सेड' रचला, जो संपूर्ण फाईल पोटात न घेता एकेक ओळ वाचतो, नेमून दिलेला नियम तिला लावतो आणि तिला पुढे धाडतो. त्यामुळे प्रचंड दप्तरांचीही त्याला धास्ती नसते.

ओळीअखेरच्या रिकाम्या जागा पुसण्यासाठी त्याला द्यावयाचा हुकूम किती आटोपशीर आहे! दोन तिरप्या रेघांत एक रिकामी जागा, मग तारका, मग डॉलरचे चिन्ह. दुसऱ्या व तिसऱ्या रेघेच्या मध्ये काहीच नाही. तारका, जी स्टीफन क्लीनी या गणितज्ञाची देणगी, सांगते की अशा जागा कितीही असोत वा एकही नसो. डॉलर त्यांना ओळीच्या अंताशी जखडतो.

हे जखडणे फार मोलाचे आहे. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी रचलेल्या 'मेक' या प्रोग्राम-बांधणीच्या साधनामध्ये आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा असा दंडक आहे. तेथे 'टीआर' या अक्षरे पुसू शकणाऱ्या आज्ञेला जागा व टॅब सरसकट पुसण्यास फर्मावले, तर ओळीआरंभीचा टॅबही जातो आणि सारी बांधणी ठप्प होते, तर डॉलरयुक्त हुकूम त्या टॅबला स्पर्शही करीत नाही.