अस्सल चौकट, प्रक्षिप्त इंजिन : जुन्या जीपचा खानदेशी इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले. त्यांचे दप्तर आजही त्याच शहरातील संशोधन मंडळात आहे. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, मूळ मजकुरात मागाहून घुसडलेले प्रक्षिप्त काय, हे पारखण्याची शिस्त मराठी इतिहासलेखनाला ज्यांनी लावली, त्यांत राजवाडे अग्रणी. त्याच धुळ्यात, मुंबई-आग्रा महामार्गालगत एखाद्या गॅरेजसमोर विक्रीला उभी असलेली, उंच केलेली, रुंद टायरांची जुनी जीप न्याहाळणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमकी हीच शिस्त लागते. आजचा धागा त्या जीपविषयी. 🧵

प्रथम जन्मकथा, थोडक्यात. १९४० साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांना बळ देणारी हलकी गाडी तातडीने हवी होती. पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीने दिला. मोठे उत्पादन मात्र विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. रचना एकच, भाग अदलाबदल करता येणारे. फोर्डला हे फारसे रुचले नसावे, कारण तिने आपल्या बोल्टांवरही ‘एफ’ हे अक्षर कोरले.

त्यामुळे रणभूमीवरच्या दुरुस्तीत विलिसच्या चौकटीवर फोर्डचे भाग आणि फोर्डच्या चौकटीवर विलिसचे इंजिन ही नित्याची गोष्ट झाली. म्हणजे ‘मूळ स्थितीतील जीप’ ही कल्पना १९४५ सालीही थोडी संशयास्पदच होती!

युद्ध संपले आणि भारतात उरलेल्या सामग्रीचा प्रश्न उभा राहिला. लष्करी गाड्या, सुटे भाग, तंबू, पत्रे यांची विक्री सुरू झाली आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग बाजारात रूढ झाला. जुन्या फिटरांच्या तोंडी तो अद्याप ऐकू येतो. जीप नागरी जीवनात शिरली ती अशी, सेकंडहँड म्हणूनच.

आणि जुनी, ‘नव्यासारखी केलेली’ जीप घेताना ज्याची फसगत झाली असा या देशातील सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक कोण? स्वतः भारत सरकार.

१९४८ साली काश्मीरचे युद्ध चालू होते आणि सैन्याला जीपची निकड होती. लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तेथील एका कंपनीशी २,००० जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा करार केला. या कंपनीचे भांडवल अवघे ६०५ पौंड होते. पैसे आधी गेले, गाड्या मागाहून आल्या. आल्या त्याही केवळ १५५, आणि लष्कराने त्या वापरण्यायोग्य नाहीत म्हणून नाकारल्या.

सुमारे ८० लाख रुपयांचे हे प्रकरण ‘जीप घोटाळा’ म्हणून संसदेत गाजले. लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, चौकशी समिती बसली. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने हा विषय संपल्याचे जाहीर केले. राजकीय बाजूवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. व्यवहाराची बाजू मात्र दुर्लक्षित राहते : रंग ताजा, निकड खरी, विकणारा परका आणि तपासणीचा आग्रह ढिला. धुळ्याच्या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची परिस्थिती याहून फार वेगळी नसते. पाठीशी सरकारी तिजोरी नसते, एवढाच काय तो फरक.

याच सुमारास मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. १९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनीतील भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. माझगावात सुट्या भागांच्या पेट्या उघडून विलिस जीप जोडण्याचे काम सुरू झाले. पुढे त्या येथेच बनू लागल्या. युद्धातल्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे होते, भारतीय रस्त्यांसाठी ते उजवीकडे आले. नंतरच्या नमुन्यात इंजिनाची उंची वाढली म्हणून बोनेटही उंच झाले. जुने जाणकार आजही ‘लो बोनेट’ आणि ‘हाय बोनेट’ असे भेद करतात. कालनिर्णयाची ही खूण चांगली आहे, पण बोनेट हा चार बोल्टांचा प्रश्न असल्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबू नये.

आता खानदेश. १९०६ साली ब्रिटिशांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. पश्चिमेच्या वाट्याला तापीकाठची काळी माती आली आणि उत्तरेला सातपुडाही आला. काळी माती पावसाळ्यात चाक धरून ठेवते. सातपुड्यात शहाद्याहून, तळोद्याहून धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे चढायचे तर घाटावाचून गत्यंतर नाही. अशा प्रदेशात जीप हे चैनीचे वाहन कधीच नव्हते. आजारी माणूस, बाजारचा माल, मतपेटी, लग्नाचे वऱ्हाड, सारे तिच्यातूनच गेले.

तिचेच पुढचे रूप म्हणजे ‘काळी-पिवळी’. जेथे एसटीच्या दोन फेऱ्यांमध्ये अर्धा दिवस जातो, तेथे ही प्रवासी जीप भरली की निघते. आत समोरासमोर बाके, टपावर माणसे, मागच्या बंपरवर आणखी काही जण. ही वाहतूक धोकादायक होती आणि अपघातांची किंमत बहुधा आदिवासी प्रवाशांनीच मोजली, हे विसरून तिच्याविषयी रम्य आठवणी लिहिणे योग्य नाही. पण तिच्यावाचून त्या गावांना दुसरा इलाजही नव्हता.

जीपमधील ‘बदल’ येथे समजून घ्यावे लागतात. आज मॉडिफिकेशन म्हटले की छंद डोळ्यांसमोर येतो. खानदेशात बदल गरजेपोटी झाले. त्यांतला सर्वांत मोठा बदल इंजिनाचा.

मूळ विलिस पेट्रोलवर चाले आणि भरपूर पेट्रोल पिई. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते परवडेनासे झाले. शेतकऱ्याच्या दारात डिझेल ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरचे इंजिन उघडता येणारा मिस्त्री गावोगाव होता. मग पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल बसवण्याची लाट आली. स्वतः महिंद्रानेही आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन आपल्या जीपांत घातले. गॅरेजमधला मिस्त्री आणि कारखान्यातला अभियंता एकाच दिशेने चालले होते.

मात्र कारखाना पूर्ण हिशेब करतो, गॅरेज बहुधा अर्धा. डिझेल इंजिन जड. पुढचे पाटे बदलले नाहीत तर गाडीचे नाक खाली बसते आणि स्टिअरिंग जड होते. डिझेल इंजिन फिरतेही संथ. जुन्या पेट्रोल जीपचे डिफरन्शियल तसेच ठेवले तर घाटात ती जोरकस वाटते, पण सपाट महामार्गावर वेग घेताना इंजिन नुसते ओरडत राहते. ब्रेक तर पुष्कळदा मूळच्या हलक्या गाडीचेच राहतात. चाचणीसाठी गाडी गावातल्या रस्त्यावर फिरवून आणणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. लळिंगचा घाट चढून-उतरून आणल्यावर बरेच काही कळते.

दुसरा बदल चौकटीचा. अधिक माणसे बसावीत म्हणून चेसिस लांबवलेल्या जीप आहेत आणि काळी-पिवळीचे दिवस सरल्यावर तीच चेसिस कापून, आखूड करून, वर नवे टब आणि हुड चढवून ‘ऑफ-रोड’ म्हणून विकलेल्याही आहेत. दाराच्या बिजागरीत, डॅशबोर्डच्या मागे पिवळ्या रंगाचा थर सापडला तर पूर्वायुष्य उघड होते. चौकटीच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची आडवी शीर दिसली तर तेथेच थांबावे. आणखी एक : प्रवासी जीपांपैकी बहुतेक केवळ मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या. वाकून पुढच्या आसाखाली पाहावे. तेथे डिफरन्शियलचा गोळा नसेल तर टायर कितीही रुंद असोत, ती गाडी चिखलात उभीच राहणार.

येथवर लोखंडाची चिकित्सा झाली. कागदाची चिकित्सा अधिक अवघड आहे, कारण तेथे बदल ‘काय’ केला याहून तो ‘केव्हा’ केला हे महत्त्वाचे ठरते.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला आधी कळवून, मान्यता घेऊन गाडीत बदल करण्याची वाट होती. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ आरंभी त्याच वळणाचे होते. २००० सालच्या दुरुस्तीने ते पालटले. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून ढळेल असा बदल करण्यास मनाई झाली; सीएनजीसारख्या इंधनबदलाच्या मान्य संचांना तेवढी सवलत राहिली. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

‘मालकाला’ हा शब्द महत्त्वाचा. कापणारा मिस्त्री आणि कापून घेणारा पहिला मालक यांची नावे नोंदणीपत्रावर राहत नाहीत. नाक्यावर गाडी अडवली जाते तेव्हा समोर उभा असतो तो आजचा मालक. अपघातानंतर विमा कंपनीही त्यालाच विचारते.

म्हणून दोन जीपा शेजारी उभ्या करून पाहाव्यात. दोन्ही विलिस, दोन्हींत डिझेल. पहिलीचे इंजिन १९८२ साली बदलले, मान्यता घेतली, नोंदणीपत्रात नवा इंजिन क्रमांक आणि ‘डिझेल’ चढले. दुसरीचे इंजिन २०१५ साली बदलले आणि कागदावर अजून पेट्रोलच आहे. लोखंड सारखेच. पण पहिली हा दस्तऐवज आहे, दुसरी बनावट.

कागदांत खानदेशाचा प्रशासकीय इतिहासही उतरलेला असतो. ‘एमएच’ने सुरू होणारी मालिका १९८९ पासूनची. त्याआधीची गाडी तीन अक्षरांच्या जुन्या क्रमांकाची असते आणि तिची नोंद संगणकात नीट चढली आहे का, हे वेगळे पाहावे लागते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे आयुष्यभर धडगावात राबलेल्या जीपवर धुळ्याचा १८ असू शकतो आणि तिचे जुने कागद धुळ्यातच शोधावे लागतात.

लष्करी लिलावातील जीप किंवा जिप्सी असेल तर आणखी एक पायरी. सैन्यात असताना तिच्यावर बाणाच्या खुणेचा लष्करी क्रमांक असतो. नागरी नोंदणी विक्रीनंतरची. निर्मितीचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष यांत त्यामुळे मोठे अंतर पडते. लिलावाचे मूळ विक्रीपत्र नसेल तर ‘मिलिटरीची गाडी आहे, साहेब’ या वाक्याला दंतकथेचाच दर्जा द्यावा. हरियाणातील मंडी डबवाली येथे जुळवलेल्या झकपक जीपांबाबतही हेच. परराज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र नसेल तर ती जीप महाराष्ट्रात नावावर होणे कठीण.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम केले तेव्हा जीपप्रेमींना आनंद झाला. पण अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शेतकऱ्याने डिझेल बसवून जी जीप भंगारातून वाचवली, ती या व्याख्येत बसत नाही. गोदामात झाकून ठेवलेली बसते. वारसा म्हणून वापराला मान नाही, न वापरण्याला आहे. हा निकष इतिहासाच्या दृष्टीने फारच अपुरा आहे.

दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात येऊन त्या भंगारात काढण्याचा नियम लागू झाला. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेची चिलखती आणि विशेष वाहने तेवढी वगळली. जुन्या सरकारी जीपा लिलावातून खेड्यात येण्याची दीर्घ परंपरा त्यामुळे आटत चालली आहे. बाजारात उरतात त्या आधीच दोन-चार हातांतून गेलेल्या, म्हणजे अधिक बदललेल्या.

व्यवहार ठरला की नमुना २९ आणि ३० भरायचे. सही करण्यापूर्वी एक जुनी कृती मात्र स्वतः करावी. चेसिसवरील क्रमांकाची जागा फडक्याने पुसायची, तेथे पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. शिलालेखाचा ठसा घेतात तसाच हा ठसा. अंक एका रेषेत, एका खोलीचे उमटले पाहिजेत. एखादा अंक उथळ निघाला, किंवा भोवतालचा पत्रा कानशीने घासल्यासारखा गुळगुळीत लागला, तर तो कागद घडी घालून खिशात ठेवावा आणि विसार परत मागावा.