300 चौरस फुटांच्या घराची परिमिती किती? डेटा सफिशियन्सी समजून घ्या

जोगेश्वरीत एसआरएच्या इमारती पूर्वेलाही आहेत, पश्चिमेलाही. मुंबईत या योजनेतलं घर आधी 225 चौरस फुटांचं असायचं, मग 269 झालं, आता 300. घराबद्दल विचारलं की आपल्याकडे हाच एक आकडा सांगतात. पण भिंतीच्या कडेने स्कर्टिंग किती फूट लागेल, हे त्यावरून कळतं का?

हिशोबापुरतं घर म्हणजे एकच आयताकृती खोली धरू. 15 बाय 20 असेल तर परिमिती 70 फूट. 12 बाय 25 असेल तर 74. 10 बाय 30 असेल तर 80. क्षेत्रफळ तिन्हींचं 300च! म्हणजे दिलेली माहिती अपुरी आहे.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये डेटा सफिशियन्सीचे प्रश्न असेच असतात. एक प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं, ते नक्की एकच निघेल का, एवढंच ठरवायचं असतं.

प्रश्न: आयताकृती खोलीची परिमिती किती?
विधान 1: क्षेत्रफळ 300 चौरस फूट.
विधान 2: लांबी रुंदीपेक्षा 5 फूट जास्त.

पहिलं एकटं अपुरं, हे वर पाहिलंच. आता ते हाताने झाका आणि दुसरं वाचा. बहुतेक जण इथेच चुकतात, 300 डोक्यात ठेवूनच दुसरं वाचतात. दुसऱ्यात खोली 6 बाय 1 चीही चालेल, म्हणून तेही अपुरं. दोन्ही एकत्र घेतली की 20 बाय 15 हीच जोडी उरते. समीकरणातून उणे 15 ही लांबीही निघते, पण तशी खोली नसते.

थोडा बदल करू. परिमिती 70, कर्ण 25, क्षेत्रफळ किती? इथे लांबी-रुंदी शोधायचीही गरज नाही. दोघींची बेरीज 35, तिचा वर्ग 1225. त्यातून कर्णाचा वर्ग 625 वजा केला की 600, त्याचं निम्मं 300. माहिती पुरेशी. पण ‘दाराकडची भिंत किती फुटांची?’ असं विचारलं तर अपुरी, कारण ती 15 ची की 20 ची हे कुठे दिलंय?

‘आयताकृती’ हा शब्द गाळला तर सगळंच बदलतं. गवंडी आधी खोली गुण्यात आहे का ते बघतो, ते उगाच नाही. 15 बाय 20 च्या खोलीच्या कोपऱ्यातून 3 बाय 4 फुटांचा डक्ट गेला, तर क्षेत्रफळ 288 होतं. टाइल्स कमी लागतात. परिमिती मात्र 70च राहते. तोच डक्ट भिंतीच्या मधोमध 3 फूट आत आला, तर ती 76 होते.